मास्टरांचं ‘राहू द्या’

मावशीला राग लवकर येत नाही, असं मावशीचं म्हणणं. हे म्हणणं तिचं एकटीचंच. तिच्या सुनेला विचारा, वृद्धाश्रमाच्या धोब्याला विचारा, वरच्या मजल्यावरच्या बाराच्या बारा म्हाताऱ्यांना विचारा. राग बाईच्या नाकावर ठाण मांडून बसलेला. पण उतरतोही तसाच. सकाळी भांडेल आणि दुपारच्या चहाला काय झालं होतं ते विसरूनही जाईल. एकदाच तो चार दिवस टिकला, आणि त्या चार दिवसांत एका माणसाचा जीव जायची वेळ आली. त्याचीच ही हकिगत.

मावशी म्हणजे कोणाची सख्खी मावशी नव्हे. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांचं करणाऱ्या बाईला सगळे मावशीच म्हणतात, तशी ही. एकवीस वर्षं झाली तिला तिथे. त्याआधी नऊ वर्षं तिनं अंथरुणाला खिळलेल्या सासूचं केलं. सासू गेली तेव्हा शेजारणी म्हणाल्या, सुटलीस गं बाई. सुटली कसली! सकाळी सहाला उठलं की हात आपोआप बादलीकडे जायचे आणि बादली कोणासाठी भरायची तेच कळायचं नाही. महिनाभर असं झालं. मग एक दिवस ती चपला घालून निघाली आणि दोन गल्ल्यांपलीकडच्या वृद्धाश्रमात जाऊन उभी राहिली. “म्हाताऱ्या माणसांचं करता येतं,” म्हणाली, “दुसरं काही येत नाही.”

शिक्षण सातवीपर्यंतचं. पण वरच्या मजल्यावरच्या बारा जणांबद्दल तिला जे ठाऊक होतं, ते कुठे लिहिलेलं नव्हतं आणि तिनं कोणाला सांगितलेलंही नव्हतं. यात सांगण्यासारखं काय आहे, असंच तिला वाटायचं. पोस्टमन आजोबांना उठवायचं तर दार दोनदा वाजवायचं, हाक मारायची नाही, हाकेनं दचकतात. तीन नंबरच्या आजींना अंघोळीआधी “आज पाणी काय मस्त तापलंय” म्हणायचं, मग त्या भांडत नाहीत. आणि सात नंबरच्या मास्टरांना पाणी दोनदा विचारायचं, तिसऱ्यांदा न विचारता हातात द्यायचं.

मास्टर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलर मास्टर. साठ वर्षं त्यांनी गिऱ्हाइकांच्या घरोघरी बसून कापड बेतलं, कापलं, शिवलं. आता चौऱ्याऐंशी वय, डोळे अधू, पण माणूस दारातून आत येईपर्यंत त्याच्या खांद्याचं माप घेऊन मोकळे. मावशीला पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. “हा युनिफॉर्म कोणी शिवला? डावा खांदा अर्धा इंच पडलाय,” म्हणाले. “शिवणाऱ्याला कोंडून ठेवा.” सहा वर्षं रोज तोच खांदा आणि तेच बोलणं. ऐकून ऐकून मावशीला स्वतःलाच आपण एका बाजूला कलल्यासारखं वाटायला लागलं होतं.

पाण्याचंही तसंच ठरलेलं. मावशी खोलीत शिरता शिरता विचारायची, “मास्टर, पाणी?” “राहू द्या.” ती चादरीच्या सुरकुत्या काढायची. “घोटभर?” “राहू द्या हो.” मग ती पडदा सारायची, जगमधून पेला भरायची आणि सरळ त्यांच्या हातात. मास्टर गटागटा पिऊन पेला परत. सहा वर्षं, दिवसातून सहा-सात वेळा. असं का, हे तिनं विचारलं नाही. प्रत्येक म्हाताऱ्याचं एकेक असतंच.

उन्हाळ्याच्या तोंडाला जावईबापू आले.

जावईबापू म्हणजे रोबोट. छातीएवढा उंच, पांढराशुभ्र, पोटाशी ट्रे, तोंडाच्या जागी काच आणि काचेत दोन मोठे डोळे. हात नाहीत, चाकांवर फिरणार आणि ट्रे पुढे करणार. एका कंपनीनं तीन महिने वापरून बघा म्हणून दिलेला. मोठ्या बाई, म्हणजे वृद्धाश्रम चालवणाऱ्या बाई, त्यांनी सगळ्यांना हॉलमध्ये गोळा केलं. “हे नुसतं यंत्र नाही,” त्या म्हणाल्या. “हा माणसाचा मान ओळखतो. दारात थांबून आत येऊ का विचारतो. ज्याला जसं बोललेलं आवडतं तसंच बोलतो. ज्याला जे खपत नाही ते करत नाही. आता याच्या वाटेत बादल्या ठेवायच्या नाहीत, याला धक्का द्यायचा नाही, आणि दुपारी हा चार्जिंगला असेल तेव्हा मोठ्यानं बोलायचं नाही.”

“म्हणजे घरात जावई आलाय म्हणा की,” मावशी मागून म्हणाली. हशा पिकला आणि नाव चिकटलं.

खरं सांगायचं तर मावशीला तो आवडला होता. वरच्या मजल्यावर पाण्याच्या फेऱ्या तो मारणार, गोळ्यांची आठवण तो करणार. तिच्या गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले होते. फक्त त्याला माणसांची ओळख करून द्यायची होती. कंपनीची एक पोर मांडीवर टॅब घेऊन बसणार, प्रत्येकाबद्दल चाळीस प्रश्न विचारणार आणि मावशीनं उत्तरं द्यायची. कोणाला काका म्हणायचं, कोणाला सर म्हणायचं, कोणाजवळ कोणता विषय काढायचा नाही. बारा माणसं, बारा पत्रकं, एका दिवसात सगळी भरायची ठरली.

नेमकी त्याच दिवशी सकाळी मास्टरांची लेक भेटायला आली. बरोबर तिची दोन मोठी मुलं. मास्टर इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत ताठ बसले होते. नातवाच्या शर्टाची कॉलर कशी चुकलीय ते सांगत होते. मावशी नेहमीसारखी आली. एकदा विचारलं, दोनदा विचारलं, पडदा सारला आणि पेला हातात दिला. लेक आपली सहज हसून म्हणाली, “बाबा, आता तुम्हाला पाणीसुद्धा हातात द्यावं लागतं होय?”

मास्टरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी हात असा झटकला की पेला मावशीच्या अंगावर. “मी काय कुकुलं बाळ आहे?” ते ओरडले. “एकदा नको म्हटलेलं कळत नाही तुम्हाला? माणसाचा काही मान ठेवाल की नाही?”

मावशीनं पेला उचलला, फरशी पुसली, बाहेर आली. एकवीस वर्षांत तिच्या अंगावर काय काय सांडलं होतं ते सांगण्यासारखं नाही, आणि तिनं कधी ते मनाला लावून घेतलं नव्हतं. पण हे शब्द नातवंडांसमोर, आणि तेही ज्याला सहा वर्षं हातानं पाणी पाजलं त्याच्या तोंडून! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच ओल्या कपड्यांनी ती कंपनीच्या पोरीसमोर जाऊन बसली.

सात नंबरचं पत्रक निघालं. “प्रश्न सत्तावीस,” पोर म्हणाली. “काही देऊ केलं आणि ते नको म्हणाले तर? लगेच पुन्हा विचारायचं, थोड्या वेळानं विचारायचं, की नको म्हणजे नको?”

“नको म्हणजे नको,” मावशी म्हणाली. “मोठा मानी माणूस आहे. मान ठेवायचा त्यांचा.”

“नक्की ना?”

“एकदा सांगितलेलं कळत नाही का?”

पोरीनं मुकाट्यानं खूण केली. तेवढ्यावर थांबली असती तरी एक वेळ ठीक होतं. पण मावशी तशीच मोठ्या बाईंकडे गेली, गुडघ्यांचं कारण सांगितलं आणि खालचा मजला मागून घेतला. खालच्या मजल्यावरची ताई वर गेली. आता प्या म्हणावं जावईबापूंच्या हातचं पाणी, असं मनात म्हणत मावशीनं खालच्या चादरी बदलायला घेतल्या. त्याला हात नाहीत हेही तिच्या डोक्यात आलं नाही.

त्या आठवड्यात उन्हानं कहर केला. पंखे गरम हवा फिरवत होते. पहिल्या दिवशी मावशी मजेत होती. दुसऱ्या दिवशी जिन्याखालचा नळ बंद करायला गेली तेव्हा वरून चाकांची घरघर ऐकू आली, मग तो मऊ आवाज. “काका, आपण पाणी घेणार का?” मास्टरांचं काही ऐकू आलं नाही. मग पुन्हा तो मऊ आवाज, “बरं काका. आपली इच्छा.” आणि चाकं पुढे गेली.

मावशी तिथेच उभी राहिली. दुसऱ्यांदा विचारेल म्हणून तिनं कान दिले. चाकं आठ नंबरला पोचली. तिनं एक पाय पायरीवर ठेवला. मग ओला झालेला युनिफॉर्म आठवला, नातवंडांचे चेहरे आठवले. ठेवतोय ना मान, तोच हवा होता ना, म्हणून तिनं पाय मागे घेतला. पुढे कित्येक महिने तिला ती पायरी दिसत राहिली.

तिसऱ्या दिवशी जेवताना ताई म्हणाली, “तुझे मास्टर कसे गं, मी दोनदा समोरून गेले, माझ्या खांद्याला काहीच बोलले नाहीत.”

मावशीचा घास हातातच राहिला. “उकाडा आहे,” ती म्हणाली. “झोपाळले असतील. पाणी पितात ना?”

“पाण्याचं जावईबापू बघतात की. मोठ्या बाईंच्या कॉम्प्युटरवर सगळं हिरवं आहे.”

हिरवं आहे म्हटल्यावर मावशीनं घास तोंडात घातला. पण तो काही गोड लागला नाही. संध्याकाळी घरी सुनेनं विचारलं, आई, बरं नाही का, तर तिच्यावरच खेकसली.

चौथ्या दिवशी दुपारी बारा वाजता ती उशांचे अभ्रे घेऊन वर गेली. वर अभ्र्यांची काही गरज नव्हती, हे तिलाही माहीत होतं. सात नंबरच्या दारात जावईबापू उभे. “काका, आपण पाणी घेणार का?” आतून अगदी पुसट आवाज आला, “राहू द्या. हातातलं होऊ दे एवढं.” “बरं काका. आपली इच्छा. मी नंतर येईन.” जावईबापू वळले, मावशीला बघून काचेतले डोळे हसरे झाले. “नमस्कार मावशी,” म्हणाले आणि अदबीनं बाजूनं निघून गेले.

मावशी आत गेली. मास्टर पलंगाच्या कडेवर बसले होते. ओठांना भेगा, डोळे खोल गेलेले, जीभ सुकून टाळ्याला चिकटलेली. तिनं त्यांच्या मनगटाची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. कातडी तशीच उभी राहिली, खाली बसेना. म्हणजे अंगातलं पाणी आटलं, हे एकवीस वर्षांत ती शिकली होती. आणि मास्टरांना तिची चाहूलही नव्हती. मांडीवर चादर घेऊन ते शिवत होते. हातात सुई नाही, दोरा नाही. पण चिमूट वर जात होती, खाली येत होती, दोरा ओढला जात होता, अंगठ्यानं टाका दाबला जात होता.

“मास्टर! मास्टर, पाणी घ्या.”

“राहू द्या,” ते मान वर न करता म्हणाले. “कापडावर सांडेल. गिऱ्हाइकाचं आहे. हातातलं होऊ दे, मग घेतो.”

सहा वर्षं दिवसातून सहा-सात वेळा ऐकलेलं ते ‘राहू द्या’ काय होतं, ते मावशीला आत्ता कळलं. मांडीवर कापड असताना टेलर पाण्याला हात लावत नाही. गिऱ्हाइकाच्या घरची बाई पेला घेऊन समोर उभी असली तरी लावत नाही. शिवण संपवतो, कापड बाजूला ठेवतो आणि मग घेतो. तोवर त्या बाईनं दोनदा विचारलेलं असतं. मास्टर कधी नको म्हणालेच नव्हते. थांबा म्हणत होते. आणि तिनं यंत्राला शिकवलं होतं, नको म्हणजे नको.

तिनं जोरात ताईला हाक मारली, डॉक्टरांना फोन करा म्हणून ओरडली. पेला त्यांच्या ओठांना लावला तर त्यांनी मान फिरवली आणि दोन्ही हातांनी चादर झाकून धरली. जबरदस्ती केली तर ठसका लागेल, पाणी छातीत जाईल, हेही ती जाणून होती. आता करायचं काय?

ती खाली फरशीवर बसली, गुडघे कडकड वाजले तरी बसली. “मास्टर,” ती म्हणाली, “किती राहिलंय?”

“एवढी दुमड.”

“सुरेख झालीय. गाठ मारा आता.”

मास्टरांनी गाठ मारली. दोरा दातानं तोडायला तोंडाशी नेला, सुकलेले ओठ उघडले. मावशीनं हात पुढे केला. “द्या सुई इकडे. हरवायला नको. ही बघा, माझ्या कॉलरला टोचली.” तिनं खरंच बोटं कॉलरला लावली. मग मांडीवरची चादर हलक्या हातानं काढून घेतली, घडी घातली, चारही कोपरे जुळवले आणि खुर्चीवर ठेवली. “झालं. गिऱ्हाईक संध्याकाळी येणार आहे. आता पाणी.”

मास्टरांनी मोकळ्या मांडीकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

शेजारी बसून चमच्यानं पाजलं तिनं. एक चमचा, थांबायचं, गिळलं का बघायचं, मग दुसरा. अकरा चमचे गेले आणि मास्टर तिच्या खांद्यावर कलले ते बोलायचेच बंद झाले.

डॉक्टर आले, त्यांनी सलाईन लावलं, लघवीची पिशवी लावली. “आता हलवण्यात धोका आहे,” ते म्हणाले. “दोन बाटल्या जाऊ देत. संध्याकाळपर्यंत लघवी झाली तर बघू. नाही झाली तर मूत्रपिंडं गेली असं समजा आणि हॉस्पिटलात न्या.” मावशी पिशवीकडे बघत बसली. पिशवी कोरडी ठणठणीत.

दोन वाजता लेक आली आणि ऑफिसातून तिचा आवाज वरपर्यंत आला. मावशी खाली गेली. मोठ्या बाई घामानं निथळत होत्या. कंपनीची पोर रडायच्या बेतात. पडद्यावर मास्टरांचं चार दिवसांचं पाणी होतं: अठ्ठावीस वेळा विचारलं, अठ्ठावीस वेळा नको. आणि प्रत्येक ‘नको’पुढे हिरवी खूण: ‘इच्छेचा मान राखला.’

“हिरवी?” लेक किंचाळली. “माझा बाप तहानेनं मरतोय आणि तुमची हिरवी खूण?”

“एरवी तीन नकारांनंतर लाल सूचना येते,” पोर पुटपुटली. “पण तसा पर्याय निवडला असेल तर येत नाही. माणसाला सारखं टोचायला नको म्हणून.”

“ते डबडं आजच्या आज परत पाठवते,” मोठ्या बाई म्हणाल्या. “यंत्रावर विश्वास ठेवला हीच चूक.”

सगळ्यांनी माना हलवल्या. आता इथे कोणाला काही बोलायची गरज नव्हती. यंत्र दोषी ठरलं होतं, ते परत जाणार होतं, आणि जावईबापू काही तोंड उघडून सांगणार नव्हते की मला कोणी शिकवलं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. ती दाराकडे वळलीही. मग तिला कातडीची ती चिमूट आठवली.

“तो पर्याय मी निवडला,” ती म्हणाली. “सत्तावीस नंबर. या पोरीनं दोनदा विचारलं होतं.”

लेक तिच्याकडे वळली. “तुम्हाला माहीत होतं ना, बाबा तिसऱ्यांदा घेतात?”

“माहीत होतं.”

“मग?”

“राग आला होता.”

यापेक्षा वेगळं काही सांगता आलं असतं. गडबडीत चुकलं म्हणता आलं असतं. मावशीला ते सुचलंच नाही. त्या दिवशी खुर्चीशेजारी आपण काय म्हणालो होतो, ते लेकीला आठवलं असावं. ती वर बापाजवळ जाऊन बसली. मोठ्या बाई म्हणाल्या, “तुमचं काय करायचं ते मी उद्या बघते.” मावशीनं मान हलवली आणि ती पोरीकडे वळली.

“बाकीची अकरा पत्रकं काढ.”

“त्यांतही चुकलंय?”

“ते माहीत नाही. त्या दिवशी दिवसभर मी रागात होते, एवढं माहीत आहे.”

त्या दोघी सात नंबरच्या दाराबाहेर बाकावर बसल्या. एक डोळा टॅबवर, एक डोळा आतल्या पिशवीवर. तीन नंबरच्या आजींचं ठीक होतं. पोस्टमन आजोबांच्या पत्रकात लिहिलं होतं, ‘फार बोलतात, थांबवलं तरी चालेल.’ म्हणजे चार दिवस जावईबापू त्या म्हाताऱ्याची प्रत्येक गोष्ट अर्ध्यावर तोडून, अदबीनं नमस्कार करून निघून जात होते. मावशीनं कपाळावर हात मारला. “खोड ते,” म्हणाली. “लिही, शेवटपर्यंत ऐकायचं. तीच गोष्ट दहाव्यांदा असली तरी.” असं एकेक करत अकराही संपली. चार वाजले. पिशवी कोरडी. साडेचार. डॉक्टरांनी हॉस्पिटलला फोन लावून गाडी सांगून ठेवली. मावशी पाणीही पिईना. पाच वाजून दहा मिनिटांनी नळीत काहीतरी पिवळं सरकलं. आधी थेंब, मग बारीक धार. जीव भांड्यात पडला म्हणतात, मावशीचा त्या पिशवीत पडला. ती भिंतीला टेकून हुंदके देऊन रडली आणि तिला रडताना बघून ती कंपनीची पोरही रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्टरांनी डोळे उघडले. समोर मावशी वाकलेली. मग म्हणाले, “पडलाय अजून.”

“काय पडलाय, मास्टर?”

“खांदा.”

मोठ्या बाईंनी मावशीला लेखी ताकीद दिली आणि वरचा मजला परत दिला. शिकवलं तसंच तो वागला, असं लेकच म्हणाली, म्हणून जावईबापूही राहिले, पण मास्टरांचा प्रश्न सत्तावीस नव्यानं भरावा लागला. पोरीनं विचारलं, “मग लिहू काय? तीनदा विचार?”

“नुसतं विचारून नाही भागत. तिसऱ्यांदा हातात द्यावं लागतं.”

“त्याला हात नाहीत, मावशी.”

“मला आहेत की. दोनदा नको म्हणाले की मला बोलवायला सांग त्याला.”

तेव्हापासून मावशीच्या खिशात एक छोटी डबी असते. जावईबापूंना दोनदा ‘राहू द्या’ ऐकू आलं की ती थरथरते. मावशी जेवत असली तर घास ताटात ठेवून उठते, कोणाची वेणी घालत असली तर वेणी अर्धी सोडून. जिन्याच्या त्या पायरीवर आता ती थांबत नाही.

मास्टर पुरते सावध झाल्यावर एका दुपारी तिनं त्यांना सगळं सांगितलं. सत्तावीस नंबर, नको म्हणजे नको, खालचा मजला, सगळं. पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून, मान खाली घालून. मास्टर चादरीची किनार चाचपत होते, शिवण बघत होते.

“दारात तो यायचा,” ते शेवटी म्हणाले. “एकदा विचारायचा आणि जायचा. मला वाटायचं, येईल आता कोणीतरी पुन्हा विचारायला. हातातलं आवरत बसायचो मी. चार दिवस दुसऱ्यांदा कोणी आलंच नाही.”

मावशीला ती पायरी आठवली.

“एकदा नको म्हटलेलं कळत नाही का, असं मीच ओरडलो होतो,” मास्टर म्हणाले. “पण मावशी, सहा वर्षांत तुम्ही माझं कधी काही ऐकलं होतं का? खांदा उसवून घ्या म्हणून घसा कोरडा केला मी, ऐकलंत? मग एवढंच बरं ऐकलंत!”

मावशीनं डोळे पुसले. खांदा उद्या उसवून आणते म्हणाली. मग पाण्याच्या जगजवळ गेली.

“मास्टर, पाणी?”

“राहू द्या.”

ती चादरीच्या सुरकुत्या काढायला लागली.